जरीचं टोक

मोबाईलला काही माणसांची बोटं दिसतच नाहीत. आमच्या अण्णांची दिसत नाहीत.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे ७८, मुक्काम सोलापूर. आयुष्यातली पन्नासेक वर्षं सुतात गेलेली. आधी गिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमागावर, चादरींच्या कामावर. मागावर उभं राहणाऱ्या माणसाचं मोठं काम म्हणजे तुटलेली तार शोधायची आणि गाठ मारायची. दिवसभर. सूत दिसायला मऊ, पण ते बोटावरून पन्नास वर्षं फिरलं की बोटाचं काय होतं ते अण्णांच्या उजव्या हाताकडे बघून कळतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकाला शिंगासारखी झालीयेत. कडक, कोरडी, पिवळट. तव्यावरची भाकरी ते चिमट्याशिवाय उचलतात.

आता ही बोटं मोबाईलला दिसली नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं. फोन आला की घरातलं कोणीतरी घेऊन अण्णांच्या कानाला लावायचं. हयातीच्या दाखल्याच्या वेळी एका केंद्रावर बोटांचे ठसेही उमटेनात, तेव्हा तिथल्या पोरानं तेल लावून बघितलं, मग हात धुवायला लावले, सगळी दहा बोटं झाली. अण्णा घरी येऊन म्हणाले, "माणूस समोर बसलाय की बे, आणि मशीन म्हणतंय नाही." त्यावर सगळे हसले. तेही हसले. पुढे २०२१ मध्ये चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय निघाली आणि तो विषय मिटला.

अडलं ते आत्यामुळे.

आत्या इचलकरंजीला असते. लग्न होऊन गेली तीही मागाच्याच घरात. घराच्या एका खोलीत माग, दुसऱ्या खोलीत संसार, मधे पत्रा. ती साठ वर्षं त्या खडखडाटात कांड्या भरत राहिली. आता तिला ऐकूच येत नाही. कानाचं मशीन आणलं, पण त्यात नुसता गोंगाट येतो म्हणून तिनं ते डब्यात ठेवून दिलं. म्हणजे फोनवर बोलणं बंद. पूर्वी दोघं इनलँड लिहायचे, दिवाळीआधी आणि उन्हाळ्यात. मग कधीतरी तेही थांबलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या नातवानं तिला मोबाईल घेऊन दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, अक्षरं पाहिजे तेवढी मोठी करता येतात, त्यामुळे ती वाचते. आणि लिहिते! तिची बोटं मोबाईलला चालतात. एक दिवस दादाच्या फोनवर मेसेज आला: 'भाऊला दाखव. भाऊ कसा आहेस.'

उत्तर कोण लिहिणार? मी महिन्यातून एकदा हुतात्मानं पुण्याहून येतो. आलो की अण्णा सांगायचे आणि मी टाईप करायचो. "लिही, सगळं ठीक आहे. तब्येत सांभाळ. पाऊस नाही." संपलं. तिकडून लांबलचक यायचं, इकडून तीन वाक्यं. मी म्हटलं, अण्णा, बोलून लिहिता येतं की आता, हे बटण दाबा आणि बोला. अण्णांनी एकदा खोलीभर नजर फिरवली. आई भाजी निवडत होती, वहिनी मुलीचा अभ्यास घेत होती, मी समोर. "नको," म्हणाले. "बहिणीला सगळ्यांच्या समोर काय बोलायचं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना आत्याशी जे बोलायचं होतं ते माझ्यामार्फत बोलायचं नव्हतं. त्या घरातलं जे काही फक्त त्या दोघांना माहीत आहे (पाच भावंडांतली आता हीच दोघं उरलीयेत) ते मुलाला सांगून लिहवून घ्यायचं कसं?

तर मंडळी, अशा रीतीनं आमच्या घरी स्टायलस प्रकरण सुरू झालं.

आधी थोडं शास्त्र. पूर्वी पाम पायलट वगैरे यंत्रं होती आठवतंय का? १९९६ साली आलेली. त्यांचा पडदा दाबावर चालायचा. वर एक लवचिक थर, खाली एक, टोचलं की दोन्ही एकमेकांना टेकायचे. नखानं टोचा, काडीनं टोचा, त्याला फरक पडत नव्हता. आपल्याकडचा बंगळूरचा सिम्प्यूटरसुद्धा असाच काडीनं चालणारा. मग २००७ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सनी स्टेजवर उभं राहून स्टायलसची टर उडवली आणि सगळ्यांना बोट दिलं. (त्यांच्याच कंपनीनं २०१५ मध्ये पेन्सिल काढली ती गोष्ट वेगळी.) या नव्या पडद्याला दाब कळत नाही. काचेखाली वीजवाहक धाग्यांची बारीक जाळी असते, ताणा-बाणाच म्हणा ना. त्या जाळीवर थोडा विद्युतभार असतो. आपलं शरीर म्हणजे खारट पाण्याची पिशवी. बोट जवळ आलं की त्या ठिकाणचा भार किंचित बदलतो आणि फोनला कळतं की इथे कोणीतरी आहे. पण बोटाच्या टोकाला जाड, कोरडी, मेलेली कातडी असली तर आतलं ओलं मांस काचेपासून लांब पडतं. बदल इतका थोडा होतो की फोन तो किरकोळ समजून सोडून देतो. काही फोनमध्ये हातमोजे घालून वापरण्याची सोय असते, तिचा उपयोग होतो म्हणतात. दादाच्या फोनमध्ये नव्हती.

म्हणजे पाहिजे काय? एक, वीज वाहून नेणारी वस्तू. दोन, ती हाताला लागलेली पाहिजे, नाहीतर निर्जीव. तीन, टोक निदान पाचसहा मिलिमीटर रुंद पाहिजे, कारण त्याहून बारीक स्पर्श फोन मोजतच नाही. त्यामुळे सुई, खिळा, शिसपेन्सिल हे सगळं बाद.

बाजारात रबरी टोकाचे स्टायलस मिळतात, स्वस्तही असतात. एक आणला. तो इतका बारीक की अण्णांच्या हातात आगपेटीतली काडी दिसायचा. बोटं आता पुरती मिटत नाहीत, दोनदा हातातून पडला, तिसऱ्यांदा त्यांनी तो गुपचूप माझ्या बॅगेत परत ठेवला.

मग घरातल्या वस्तूंची परीक्षा सुरू झाली. पुतणी यात आघाडीवर. घड्याळाचा पेन्सिल सेल, त्याची सपाट बाजू टेकवली तर फोन चालतो! पण त्यानं लिहिणार कसं, खाली काय चाललंय ते दिसतच नाही. गाजर चालतं. काकडी उत्तम चालते. २०१० च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियात लोक हातमोजे न काढता सॉसेजनं आयफोन चालवायचे अशी बातमी होती, तेव्हा ती थट्टा वाटली होती. आता आमच्या स्वयंपाकघरात तेच चाललेलं. आईनं भाकरीच्या पिठाची वळी करून दिली, तीही चालली. पाणी आणि मीठ, दुसरं काय. पण सोलापूरचा एप्रिल. पाच मिनिटांत वळीचा खडा झाला आणि आईनं आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं.

त्यातल्या त्यात टिकला तो अॅल्युमिनियम फॉईलचा. जुन्या पेनाच्या तोंडात देवाच्या वातीचा कापूस कोंबला, त्यावर पोळ्यांच्या डब्यातला फॉईल गुंडाळून थेट पकडीपर्यंत वर आणला. काम करत होता. पण अण्णांच्या पकडीत दोन दिवसांत फाटला आणि त्याच्या सुरकुत्या काचेवर करकरायला लागल्या.

अण्णा इतका वेळ बाजूला बसून बघत होते. त्यांनी फाटलेला फॉईल बोटात धरून चुरगाळला आणि विचारलं, "म्हणजे धातूचं कापड पाहिजे तुला?"

म्हटलं, "हो, पण तसलं कापड आणायचं कुठून?"

"कुठून काय बे! जर म्हणजे काय असतं?"

यावर मी खरंच गप्प झालो. चादरीच्या गावात वाढलेला मी, आणि हे त्यांनी सांगावं! जुनी, खरी जर म्हणजे चांदीची किंवा तांब्याची अगदी पातळ चपटी तार, रेशमाच्या नाहीतर सुताच्या दोऱ्यावर गुंडाळलेली. वर मुलामा. वहिनीनं तिच्या एका साडीचा काठ पुढे केला. दादाच्या मल्टिमीटरची दोन टोकं लावली तर काही नाही. ती प्लॅस्टिकची जर, नुसती चमकते. मग अण्णा उठले आणि त्यांच्या ट्रंकेतून वर्तमानपत्रात बांधलेली एक पट्टी घेऊन आले. आजीच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ. जुनी जर वजनावर घेऊन, जाळून चांदी काढणारे लोक असत. गिरणी बंद पडली त्या वर्षी तो सगळा काठ तसाच गेला. ही एक वीतभर पट्टी तेवढी राहिली, का राहिली ते त्यांनी सांगितलं नाही. जर काळी पडलेली. मल्टिमीटर लावला.. बीप!

आई म्हणाली, "अहो, ती कापू नका." अण्णा म्हणाले, "ठेवून तरी काय करायचंय."

दांडी म्हणून त्यांनीच एक जुनी लाकडी कांडी काढली. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी: धोट्यात बसते ती बाण्याच्या सुताची कांडी, वीतभर लांब, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला अंगठ्याएवढी जाड. न मिटणाऱ्या हातात ती अशी बसली की जणू त्यासाठीच केलेली. निमुळत्या टोकावर कापसाची छोटी गादी, त्यावर जरीचं कापड ताणून, आणि उरलेली पट्टी कांडीभोवती तिरकी गुंडाळत मागे नेलेली, अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत. हे महत्त्वाचं. बोटांची टोकं मेली असली तरी बेचक्यातली कातडी अजून मऊ आहे, वीज तिथून जाते. टोकाला धाग्यानं आवळायचं होतं. मी तीनदा बांधलं, तीनदा सुटलं. अण्णांनी माझ्या हातातून ते काढून घेतलं, बघितलंही नाही नीट, दोन बोटांत काहीतरी झालं आणि गाठ बसली. मागवाल्याची गाठ. मी पुन्हा करून दाखवा म्हटलं. त्यांनी दाखवली. मला अजून जमत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त घड्याळ उघडलं आणि बंद केलं. उघडलं आणि बंद केलं. अर्धा तास.

कीबोर्डवर अक्षर शोधत बसणं त्यांना पटेना. मग हाताने लिहायची सोय चालू करून दिली. गूगलनं ती २०१५ मध्ये आणली होती ८२ भाषांसाठी, आता मोबाईलच्या कीबोर्डातच मिळते. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर इतकं वळणदार असतं हे मी विसरलो होतो. अडचण एकच. अण्णा आधी सगळा शब्द लिहितात, मग थांबून एकदम शिरोरेघ ओढतात, शाळेत शिकवली तशी. आणि ते थांबले की फोनला वाटतं झालं, तो शब्द उचलून नेतो आणि रेघ ओढेपर्यंत पाटी कोरी! मी सांगितलं, रेघ नाही दिली तरी त्याला कळतं. "त्याला कळतं म्हणून काय?" म्हणाले. आता ते रेघ आधी ओढतात, आणि मग तिला अक्षरं टांगतात. पुतणीला हे इतकं आवडलं की तीही वहीत तसंच लिहायला लागली, आणि बाईंची चिठ्ठी आली. :-)

दुपारी सगळे झोपले की ते व्हरांड्यात बसतात. पंचेचाळीस मिनिटं, तासभर. दादाचा जुना फोन आता त्यांचाच झालाय. काय लिहितात ते मला माहीत नाही. एकदा फोन चार्जिंगला लावताना पडदा उजळला, आत्याचं काहीतरी भलं मोठं आलेलं दिसलं, मी फोन उपडा ठेवला. जेवताना मात्र अधूनमधून कुठलीतरी बातमी फुटते. आजोबा विहिरीत पडले होते ते पडले नव्हते, भांडून उतरून बसले होते, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

गेल्या महिन्यात अण्णांनी दुसरी कांडी मागवली. आत्याची बोटं फोनला चालतात, तिला गरज नाही, असं मी म्हणालो. "तिला कशाला गरज पाहिजे?" म्हणाले. आजीच्या पट्टीतला उरलेला अर्धा भाग त्यांनी त्यावर चढवला, गाठ मारली, आणि मागच्या टोकाला भोक पाडून एक दोरी ओवली, गळ्यात अडकवता येईल एवढी लांब. चष्मा जसा ठेवून विसरते तशी हीही विसरेल म्हणून. स्पीडपोस्टानं इचलकरंजीला पाठवली.