खेळांतल्या आगगाडीचें इंजिन

गेल्या माघांत आमच्या धाकट्या नातवाची मुंज झाली. आहेराच्या पाकिटांतून जमलेल्या रकमेपैकीं सात हजार रुपये त्यानें आमच्या हातीं आणून दिले व म्हणाला, "आजोबा, मला रुळांवर चालणारें विजेचें इंजिन हवें आहे. तुम्ही निवडाल तें." चाळीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्यामुळें आम्हांस अशी एक घमेंड जडली होती कीं, कोणत्याहि वस्तूचे गुणदोष आपण पाहतांक्षणीं ओळखूं. त्या घमेंडींतच आम्ही वसईहून मुंबईस गेलों आणि एका दुकानांतून काळेंभोर, पितळी पट्ट्यांचें, चाकांना लकलकते दांडे असलेलें वाफेच्या धर्तीचें इंजिन घेऊन आलों. तें पाहून घरांतील सर्वांनींच वाहवा केली.

तें इंजिन पावणेदोन महिने चाललें. चाललें म्हणण्यापेक्षां अडखळलें. रुळांच्या प्रत्येक सांध्याशीं तें थबके, नातू बोटानें ढकली, आणि मग तें एकदम पळत सुटे. पुढें चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास त्याच्या पोटांतून टक् असा आवाज येऊं लागला, आणि एके दिवशीं मोटार गरगर फिरते पण चाकें जागच्या जागीं, अशी अवस्था झाली. दुकानदार म्हणाला, सुटे भाग मिळत नाहींत. पोरानें एका शब्दानेंहि कुरकुर केली नाहीं. इंजिन पेटींत घातलें, पेटी माळ्यावर ठेवली, आणि रोजच्याप्रमाणें तो आमच्यापुढें शब्दरूपें म्हणावयास बसला. तो रडला असता तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें. पैसे त्याचे होते, आणि निवड आमची होती.

आमचे थोरले बंधु वलसाडच्या विजेच्या इंजिनांच्या शेडमध्यें फिटर होते. आमच्या घराण्यांत हत्याराला हात लावणारे तेवढेच. आणि खरें सांगावयाचें तर आम्हां पोथीवाल्यांनीं त्याबद्दल त्यांस मनांतून थोडें कमीच लेखलें होतें. दादांनीं पेटी माळ्यावरून उतरविली, इंजिन उताणें केलें, दोन स्क्रू काढले आणि आम्हांस जवळ बोलाविलें. "हें बघ. दांत्यांचें चाक प्लास्टिकचें, आणि आंस लोखंडाचा. दाबून बसवलेलें प्लास्टिक पुढें तडकतं. ती फट दांत्यांत आली कीं टक् वाजतं. आणि वीज घेणारीं चाकें किती, तर चार. एकाखालीं कचरा आला कीं कारभार आटोपला. तूं रंग पाहून घेतलंस." आम्हीं मान खालीं घातली.

मग दादांनीं विरारचा दाखला दिला. विजेच्या गाड्या विरारपर्यंत १९३६ सालीं आल्या, त्या १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. पुढें विरारच्या पलीकडे गुजरातच्या बाजूस २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आला. दोहोंच्या मध्यें वरच्या तारेचा एक तुकडा निर्जीव असे. दादांच्या हाताखालून गेलेलीं डब्ल्यूसीएएम-१ जातीचीं इंजिनें दोन्ही प्रवाहांवर चालत, आणि तो निर्जीव तुकडा तीं केवळ अंगच्या वेगावर ओलांडीत. २०१२ सालीं मुंबईपर्यंत सर्वत्र एसी झाला व ही खटपट संपली. "लहान इंजिनाचंहि तेंच," दादा म्हणाले. "मोटारीच्या दांड्यावर जड फ्लायव्हील असलं, तर मळक्या रुळावरून तें आपल्या जोरावर पुढें सरकतं. हलकं असेल तर तिथंच मरतं."

दुसऱ्या खेपेस पैसे आमच्या निवृत्तिवेतनाचे होते, आणि बरोबर दादा होते. त्यापूर्वीं आम्ही नातवास पुण्यास घेऊन गेलों. तेथें कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचें लहान रेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं सुरू झालें आहे. इतर मुलें दिवे व सिग्नल पाहत होतीं. दादा व नातू मात्र इंजिन निघतांना हिसका देतें कीं काय, एवढेंच पाहत राहिले.

दुकानांत दादांनीं इंजिन वेगानें चालवून पाहिलेंच नाहीं. नियंत्रकाची कळ कशीबशी हलवून, गोगलगाय चालावी तसें तें चालतें का, एवढें पाहिलें. वेगांत सर्व दोष लपतात. सगळीं चाकें वीज घेतात का व सगळ्यांना मोटारीचा जोर मिळतो का, हें विचारलें. हातावर घेऊन वजन पाहिलें. चाकांवर रबरी कडें आहे काय, आणि तें झिजल्यावर दुसरें मिळतें काय, तेंहि विचारून घेतलें. शेवटीं चार आंसांचें, डिझेलच्या धर्तीचें, अगदीं साधें इंजिन पसंत केलें. दांडे नाहींत, भोंगा नाहीं, डीसीसीहि नाहीं. एकाच रुळावर दोन इंजिनें वेगवेगळीं हांकावयाचीं असतील तर डीसीसी हवी. आमच्याकडे इंजिन एकच. सहा आंसांचें लांब इंजिन नातवाच्या मनांत होतें, पण आमच्या माजघरांतील रुळांचें वळण फार आखूड. खेळण्यांवरील आयातकर सरकारनें २०२० सालीं २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेला. त्यामुळें परदेशी मालांत हौशीच्या प्रत्येक कलमाचे पैसे भारी पडतात.

घरीं आल्यावर नातवानें त्रैराशिक मांडलें. एचओ प्रमाण म्हणजे मूळाचा ८७ वा भाग, रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर. ८७ नें गुणिलें तर १४३५ च्या जवळपास येतें. तो युरोपचा रूळ झाला. आपला रूळ १६७६ मिलिमीटरांचा, म्हणजे या प्रमाणांत सव्वाएकोणीस हवा. "म्हणजे आजोबा, भारतीय रंगाचें इंजिनहि यावर परदेशांतच चालतें!" हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

रूळहि बदलले. वसईची खारी हवा लोखंडी रुळांवर पहिल्याच पावसाळ्यांत तांब चढविते. आतां निकेल सिल्व्हरचे रूळ आहेत. नांवांत रुपें असलें तरी त्या धातूंत रुपें मुळींच नाहीं. तांबें, निकेल व जस्त एवढेंच. तेहि आठवड्यास पुसावे लागतात.

नवें इंजिन पांच महिने न अडखळतां चालत आहे. जुन्या इंजिनाचें तडकलेलें चाक मात्र दादांनीं एका डबीत जपून ठेविलें आहे. दांते मोजले, व्यास मोजला. तसेंच पितळेचें चाक कोठें मिळेल, याचा शोध ते व नातू रोज संध्याकाळीं करीत बसतात. आम्हांस त्या मंडळांत अद्याप घेतलेलें नाहीं.