सशांची जोडी लावताना

आज पिकाचं नाही, सशांचं. दिसायला गरीब, पण हद्दीच्या बाबतीत भाऊबंदांपेक्षा कडक जनावर! आपण बांध घालतो, ससा हनुवटी घासून वासाची हद्द घालतो.

नातीच्या जोडीतला नर गेला. मादी गवताला तोंड लावेना. ससा दिवसभर उपाशी राहिला की आतडी थंडावतात, मग वाचणं अवघड. हाताने कोथिंबीर भरवून तिला खाती केली आणि दुसरा नर आणला, दोन महिन्यांपूर्वी खच्ची केलेला. खच्ची केल्यावरही महिना-दीड महिना नर फळवू शकतो, हे ध्यानात ठेवा.

पिंजरे शेजारी ठेवले, पण वीतभर अंतरानं. जाळीतून नाकाला चावतात. रोज एकाचं अंथरूण दुसऱ्याकडे टाकायचं, म्हणजे वासाची ओळख होते. मादी स्वतःच्या पिंजऱ्यात पाहुणा सोसत नाही. ससेपालनवाले मादीलाच नराकडे नेतात ते यासाठीच. म्हणून आमची भेट पडवीत, जिथं दोघंही कधी गेले नव्हते. गोणपाट अंथरून, सकाळच्या गारव्यात, पंधरा मिनिटं.

पाठलाग, अंगावर चढणं, थोडे केस उपटणं चालतं. मोठा कोण ते ठरत असतं. पण कान मागे, शेपटी वर झाली की सावध. चेंडूसारखे गुरफटले तर मध्ये उघडा हात घालू नका, जाड हातमोजे घाला.

अकराव्या दिवशी मादीनं त्याच्यापुढे डोकं जमिनीला टेकवलं, म्हणजे 'मला चाट'. पठ्ठ्यानं चाटलं नाही, नुसता शेजारी टेकून बसला. रात्री अजून वेगळेच ठेवतोय.