ऋण आणि लाज

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या प्रारंभी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण रविवारच्या मिस्सेला दिसेनासा झाला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, गायकवृंदात गाणारा, वेदीच्या सेवेस सदैव तत्पर असा हा मुलगा. परीक्षा असेल, सबमिशन असेल, असे समजून आम्ही फारसे मनावर घेतले नाही. एके संध्याकाळी त्याचे वडील कार्यालयात आले. हातात बँकेचे पत्र होते.

"फादर, पोराने कॉलेज सोडलंय. सहा महिने झाले. आम्हाला या कागदाने कळलं."

वडील एका सोसायटीत रखवालदार. पाय मोडल्यामुळे पाच महिने घरी बसले होते आणि त्या काळात पगार नव्हता. कर्जातून फीचा मोठा भाग भागत असला तरी वरचा खर्च घरातूनच व्हावयाचा. तो थांबला, चौथ्या सत्राची फी राहिली आणि मुलाने कोणासही न सांगता महाविद्यालय सोडले. सहा महिने तो रोज सकाळी आईच्या हातचा डबा घेऊन घराबाहेर पडत असे. तो डबा कधी संभाजी बागेत बसून खाई, पुढे घरोघर पार्सले पोहोचवण्याचे काम मिळाल्यावर रस्त्याच्या कडेला. व्याज धरून कर्ज तीन लाखांच्या वर गेले होते. सहकर्जदार म्हणून वडिलांचे नाव होते.

दोन दिवसांनी तो स्वतः आला. बराच वेळ खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "फादर, तुम्ही नांगराचं प्रवचन दिलं होतं ना, त्या रविवारपासून यायचं धाडस झालं नाही."

वाचकहो, ते प्रवचन आम्हांस चांगले आठवत होते. नांगराला हात घातल्यावर मागे पाहू नये, या प्रभूच्या बोधावर बोलताना आम्ही अर्ध्यावर शिक्षण सोडणाऱ्या तरुणांना चार शब्द सुनावले होते. ते प्रवचन अनेकांनी वाखाणले होते. शेवटून तिसऱ्या बाकावर बसलेल्या एका मुलास आपण मंदिराबाहेर घालवीत आहोत, याची आम्हांस कल्पनाही नव्हती.

पुणे हे विद्येचे माहेरघर. सदाशिव आणि नारायण पेठेत मधुकरी मागून, वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा येथे आजही अभिमानाने सांगितल्या जातात. १९०९ साली स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ साली सुरू झालेली विद्यार्थी सहाय्यक समिती यांनी अशा कित्येक गरीब मुलांना आधार दिला. जुन्या काळची ती गरिबी दारात उभी राहत असे. कोण उपाशी आहे, हे घरातील गृहिणीस ठाऊक असे. कर्जाची गरिबी मात्र शेजाऱ्यास दिसत नाही. मुलगा कॉट बेसिसवर राहतो, खानावळीत जेवतो, नीटनेटका दिसतो. त्याच्या नावावरचे व्याज रोज वाढत असते आणि त्याच्या शेजारच्या कॉटवरील मित्रासही त्याचा पत्ता नसतो.

अर्थात जुन्या पुण्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. मधुकरीची ती दारे सर्वांसाठी उघडी नव्हती. ज्यांच्यासाठी ती बंद होती, त्यांच्यातीलच एका विद्यार्थ्याची हकिगत आम्ही त्या तरुणास सांगितली.

१९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१६ साली ते लंडनला आले आणि तेथील लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत आसरा घेतला होता तेथूनही बाहेर काढण्यात आले आणि थोड्याच दिवसांत ते मुंबईस परतले. शिक्षण अपुरे राहिले होते, आणि ज्या नोकरीने शिष्यवृत्तीची फेड व्हावयाची ती नोकरीही उरली नव्हती.

आज त्या माणसास कोणी 'कॉलेज सोडलेला' म्हणत नाही. पण १९१७ च्या अखेरीस ते अक्षरशः तसेच होते. मात्र त्यांनी एक गोष्ट केली होती. लंडन सोडण्यापूर्वी चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. ते बाहेर पडले ते दार उघडे ठेवून. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने पैसे दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. एवढ्या थोर बुद्धिमत्तेच्या पुरुषासही मित्रापुढे हात पसरावा लागला आणि त्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

ही हकिगत संपल्यावर मुलाने विचारले, "पण फादर, माझं दार तर मीच बंद करून आलो ना?"

त्याच्या या प्रश्नाने आम्हीही विद्यार्थी झालो. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्या माणसास बँकेचे कागद वाचता येतातच असे नाही. धर्मग्रामातील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यास आम्ही बोलावून घेतले. त्यांच्याकडून जे शिकलो ते येथे नमूद करतो, कारण हा लेख वाचणाऱ्या एखाद्या घरास त्याची गरज असेल.

महाविद्यालय सोडावयाचेच झाले तर ते लेखी अर्ज देऊन सोडावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेने विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे अडकवून ठेवावयाची नाहीत. त्याच अधिसूचनेनुसार फीचा परतावा मिळतो, पण तो दिवसांवर अवलंबून असतो. प्रवेशाच्या अंतिम तारखेपूर्वी पंधरा दिवस कळवले तर पूर्ण फी परत, आणि ती तारीख उलटून तीस दिवस झाल्यावर काहीच नाही. लाजेपायी घालवलेल्या एका महिन्याची किंमत येथे हजारो रुपयांत मोजावी लागते. नोंदणी केलेल्या संस्थांत शिकलेल्या भागाचे श्रेयांक २०२१ पासून 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात आणि ते जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य असतात. लंडनने चार वर्षे दिली होती, येथे सात आहेत.

आता कर्जाविषयी. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. अभ्यास मध्येच सुटला तर ही सवलत गृहीत धरता येत नाही. २००९ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या व्याज-अनुदान योजनेचा लाभही मध्येच शिक्षण सोडणाऱ्यास मिळत नाही. वैद्यकीय कारण कागदोपत्री सिद्ध केले तरच अपवाद होतो. म्हणून पत्र येण्याची वाट न पाहता आपणच शाखेत जावे, उत्पन्नाचे पुरावे द्यावे आणि हप्ते कमी करून मुदत वाढवून मागावी. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि तो डाग आई-वडिलांच्या नावासही लागतो. वसुलीचे दूरध्वनी सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. रात्री अकरा वाजता कोणी धमकावत असेल तर ते सोसण्याचे कारण नाही.

हे सर्व लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर आमचे थोरले बंधू येतात. आम्ही सेमिनरीत दाखल झालो त्या वर्षी दादा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. वडील आजारी पडले, विहिरीसाठी सोसायटीचे कर्ज काढलेले होते, आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात विहिरीला पाणी लागेलच याची शाश्वती नसे. दादाने कॉलेज सोडले आणि खरोखरच नांगर हाती घेतला. काही फी बाकी राहिली, म्हणून त्याचा दाखला अडवून ठेवण्यात आला. ती बाकी भरण्याइतके पैसे हाती आले तेव्हा त्याची दोन मुले शाळेत जात होती. आमच्या शिक्षणास घरातून एक पैसाही लागला नाही, तो भार ख्रिस्तसभेने उचलला. पण घरची जबाबदारी दादाने उचलली म्हणूनच आम्ही निर्धास्तपणे पुस्तके वाचू शकलो. हे ऋण आम्ही फेडलेले नाही. उलट त्याच नांगराचा दाखला देऊन आम्ही त्याच्यासारख्या मुलांना बोल लावले.

मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋण' हा शब्द येतो. आम्ही तीस वर्षे त्याचा अर्थ केवळ पाप असाच सांगत आलो. आता वाटते, आमच्या लोकांनी ऋण हेच पाप मानावे, इतका तो अर्थ आम्ही एकेरी सांगितला. घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु कर्ज हा हिशेब आहे. त्यास लाजेचे रूप आले की माणूस हिशेब मांडावयाचे सोडून लपून बसतो, आणि तो लपलेला असताना व्याज काही थांबत नाही.

त्या रविवारी आम्ही वेदीवरून, कोणाचेही नाव न घेता, आमच्या जुन्या प्रवचनाबद्दल क्षमा मागितली. आता महिन्यातून एकदा मिस्सेनंतर तेच निवृत्त गृहस्थ सभागृहात टेबल मांडून बसतात. पहिल्या खेपेस कोणीच आले नाही. दुसऱ्या खेपेस तीन माता आल्या.

मुलाने बँकेत अर्ज दिला, हप्ता झेपेल इतका करून घेतला. दिवसा तो काम करतो आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.कॉम.साठी त्याने नाव घातले आहे. कर्ज अजून पुष्कळ फिटावयाचे आहे. गायकवृंदात त्याचा आवाज पुन्हा ऐकू येतो.

नाताळात गावी गेलो तेव्हा ही सारी हकिगत आम्ही दादाला सांगितली. तो ओट्यावर बसून ऐकत होता. आंबेडकरांविषयी, बँकेविषयी त्याने काही विचारले नाही. शेवटी एवढेच म्हणाला, "त्याचा दाखला मिळाला ना?"

"मिळाला, दादा," आम्ही म्हणालो.