समुद्रग्रहावर बिऱ्हाड

मागल्या रविवारी शिकवणीचा वर्ग सुटल्यावर नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा मागे रेंगाळला व त्याने एक चित्र माझ्या मेजावर ठेवले. एक निळा गोल, त्याभोवती शनीसारखे रुंद कडे आणि पाण्यावर एक इवलीशी बोट. "फादर, हा माझा ग्रह. इथं जमीनच नाही, सगळा समुद्र. माणसं राहू शकतील ना?"

खगोलशास्त्राची आवड मला विद्यार्थिदशेपासून आहे. तेव्हा मोठ्या परीक्षकाच्या थाटात मी त्या ग्रहाची छाननी आरंभिली.

प्रथम कडे. गॅलिलिओला १६१० साली शनीच्या दोन्ही बाजूंस काहीतरी दिसले; ते कडे आहे, हा उलगडा हायगेन्सने १६५९ साली केला. शनीचे कडे बहुतांशी पाण्याच्या बर्फाचे आहे. परंतु समुद्र न गोठण्याइतकी ऊब जेथे आहे, तेथे बर्फाचे तुकडे उन्हात फार काळ टिकावयाचे नाहीत. म्हणजे या ग्रहाचे कडे दगडांचे, मळकट असणार. शिवाय ज्या गोलार्धात हिवाळा असेल, नेमकी तेथेच त्याची सावली पडणार.

मग समुद्र. पृथ्वीवरील सागराची सर्वांत अधिक खोली सुमारे ११ किलोमीटर. तोच शंभर-दोनशे किलोमीटर खोल असता, तर पाण्याच्या भारानेच तळाशी पाण्याहून जड असा बर्फ तयार झाला असता आणि खालचा खडक त्याखाली झाकला गेला असता. आपल्या नद्या डोंगर झिजवून फॉस्फरसासारखे क्षार समुद्राला पोहोचवितात. त्यांवर शेवाळ व शेवाळावर मासळी पोसते. जेथे डोंगर नाहीत, नद्या नाहीत आणि तळचा खडकही झाकलेला आहे, तेथे जाळे बहुधा रिकामेच वर यावयाचे.

मुलाचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "राहायचंच असेल तर विषुववृत्तावर राहा. तिथं सावलीचा त्रास जवळजवळ नाही. मात्र तिथून कडं काठाकडून दिसेल. आकाशात नुसती बारीक रेघ."

"रेघ चालेल, फादर. पण तिथं बाबांना घर सोडून जावं लागणार नाही ना? बोट म्हणजेच घर!"

वाचकहो, मी निरुत्तर झालो. त्याचा बाप मालवाहू बोटीवर कामाला आहे. वर्षातून दोन महिने तो घरी असतो आणि गेल्याच महिन्यात रजा संपवून परतला. स्थानकावर त्याला निरोप देणाऱ्यांत मीही होतो. असे असता चित्रातली ती बोट पाहून मला काहीच सुचू नये! हा ग्रह वस्तीस योग्य आहे काय, हे मी पाणी, ऊन आणि क्षार यांवरून ठरवीत बसलो होतो. मुलाने वस्तीची माणसे आधीच ठरविली होती.

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. क्षारांचे काय करावे, यावर आम्ही दोघांनी विचार केला आणि निघतानाच बोटीत माती भरून न्यावी असे ठरले. त्याने बोटीच्या डेकवर मातीची एक कुंडी काढली, तिच्यात मिरचीचे रोप लावले. बाबांना मिरची लागते म्हणे. मग चित्राची घडी पाकिटात घातली. कंपनीच्या कचेरीचा पत्ता तेवढा मी लिहून दिला.