हट्ट की त्रास? लहान मुलांच्या संवेदनांची तपासणी

"मिक्सर लावला की कान झाकून पळतो." "केस कापायला चौघांनी धरावं लागतं." "पांढऱ्या भाताशिवाय काही तोंडात घेत नाही." जुळे सोलापुरातल्या माझ्या दवाखान्यात आई-बाबा हे सांगतात आणि शेवटी निकालही देऊन टाकतात, "फार हट्टी आहे हो!" मी म्हणतो, निकाल जरा थांबवा.

डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत शिकलो. त्याशिवाय आतल्या कानातून तोलाची आणि स्नायू-सांध्यांतून शरीराच्या स्थितीची माहिती मेंदूला मिळत असते. काही मुलांना यातलं काही फार तीव्र जाणवतं. तुम्हाला उबदार वाटणारी सोलापुरी चादर त्यांना टोचते, गड्ड्याच्या जत्रेतला गोंगाट सोसत नाही. काहींना उलट कमी जाणवतं. ती पडली तरी रडत नाहीत, गरगर फिरत राहतात, कॉलर चावतात.

थोडंफार असं प्रत्येक मूल करतं. म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. घरी आणि अंगणवाडीत, दोन्हीकडे होतं का? कित्येक महिने चाललंय का? जेवण, झोप, आंघोळ, खेळ यांत अडथळा येतो का? उत्तरं 'हो' असतील तर मुलाला तपासायला आणा.

तपासणीची प्रश्नावली म्हणजे चाळणी. ज्वारी चाळल्यावर चाळणीत उरतं ते सगळं खडेच नसतं, हाताने निवडावं लागतं. तसंच इथेही आधी कान, नजर, दात बघायचे. मग वाढीचे टप्पे. हाक मारल्यावर मूल वळून बघत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर स्वमग्नतेची तपासणी लगेच करायला हवी. संवेदनांचा असा त्रास स्वमग्नतेच्या लक्षणांत २०१३ पासून अधिकृतपणे धरला जातो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितलं, की 'संवेदनांचा विकार' असं वेगळं निदान करून थांबू नका, त्यामागे दुसरं काही आहे का ते शोधा. त्यामुळे नुसती प्रश्नावली भरून कुणी मुलावर शिक्का मारत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

पैशांची अडचण असेल तरी थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी करतं. पथक येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि तुम्हाला दिसलेलं सगळं सांगा. काही मिनिटांच्या तपासणीत मूल शांत बसलेलं असतं, घरातला त्रास तुम्हीच बघितलेला असतो.

तोवर मिक्सर लावण्याआधी मुलाला सांगा. शर्टाचं टोचणारं लेबल कापून टाका. नवा पदार्थ ताटात नुसता ठेवा, तोंडात कोंबू नका. आणि मारू नका. माराने त्रास कमी होत नाही, मूल तो सांगायचं मात्र बंद करतं.