आजीची भाषा बाळाच्या कानी

घरात बाळाशी एकच भाषा बोला, आणि ती मराठी असू द्या, असं मी नांदेडच्या बालवाडीत वर्षानुवर्षं आयांना सांगत आले. देगलूर-धर्माबादकडून आलेल्यांच्या घरी तेलुगू, उदगीर-देवणीकडच्यांच्या घरी कन्नड, किनवटच्या तांड्यांवरची गोरमाटी, शेजारच्या मोहल्ल्यातली दखनी. अशा घरातलं मूल वर्गात गप्प बसलं की त्याचं खापर मी आजीच्या भाषेवर फोडायची. या आग्रहामागे जिव्हाळाही होता. माझ्या वडिलांना निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकावं लागलं. मराठी शाळा आम्हाला सहज मिळालेली नाही. ते प्रेम आजही आहे, पण आजीला मी आता गप्प बसवत नाही.

मत बदललं ते तान्ह्या मुलांच्या कानाविषयी वाचल्यावर. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडातल्या बाळांना आपल्याकडचे ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना हा फरक धड ओळखता येत नाही. त्यांच्याच सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो कळत होता! दहा-बारा महिन्यांची होईतो त्यातल्या फार थोड्यांना कळत राहिला. हिंदी घरातल्या बाळांचा कान शाबूत होता, कारण त्यांना हे आवाज रोज ऐकू येत होते. म्हणजे पहिला शब्द फुटायच्या आतच घरचे आवाज कोणते, हे बाळाच्या कानाने ठरवलेलं असतं. आणि नेमक्या त्याच महिन्यांत मी आजीला थांबवत होते.

दोन भाषांची सरमिसळ होईल ही भीतीही मला आता वाटत नाही. फ्रान्समधल्या चार दिवसांच्या बाळांनासुद्धा फ्रेंच आणि रशियन बोलण्यातला फरक कळला, असं १९८८ मध्ये दिसलं. बोलण्याची लयच त्यांना पुरते.

मोबाइलवरची बडबडगीतं आजीची जागा घेत नाहीत. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं समोर बसून खेळवणाऱ्या माणसांकडून चिनी भाषेतले आवाज शिकली. तीच माणसं पडद्यावर दाखवली, तर बाळं काहीच शिकली नाहीत. त्यामुळे उदगीरच्या अज्जीने नातवाशी कन्नडच बोलावं, बोधनच्या अम्मम्माने तेलुगू, आणि आईने आपली मराठी.

एक मात्र पूर्वीपेक्षा जास्त आग्रहाने सांगते. दहा महिन्यांचं बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ करत नसेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘घरात दोन भाषा आहेत, म्हणून उशीर होतोय’ असं म्हणत वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तेव्हा त्यांना हे सांगा. जन्मजात बहिरेपण त्यांच्या तपासणीत आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी तेच पाठवतात.