रंगाच्या डब्यातला कढीपत्ता

पेण गणपतींचं, रोहा कुंडलिकेचं आणि शेजारच्या धाटावच्या कारखान्यांचं. दोन्ही गावांतल्या दाटीच्या वस्त्यांत अंगण म्हणजे दारापुढची हातभर फरशी. तिथे बाग कसली करणार?

पण फुलपाखराला बाग लागतेच असं नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यातला कढीपत्ता त्याला पुरतो. कोवळ्या पानावर कॉमन मॉर्मनची मादी बारीकसं गोल अंडं घालते. त्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याची विष्ठा दिसते, त्यामुळे पक्षी फसतात. घरची बाई मात्र फसत नाही. चिमटीने उचलून टाकते. निम्मी पानं फोडणीला, निम्मी अळीला, एवढा समजूतदारपणा मागायला काय हरकत आहे? लिंबावर वाढणाऱ्या ब्लू मॉर्मनला तर महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलाय!

जागा नाही, हे कारण धारावीने कधीच खोडून काढलंय. मिठीकाठच्या कचराभूमीवर झाडं लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि 1994 मध्ये खुलं झालं. आज तिथे फुलपाखरं पाहायला लोक मुद्दाम जातात.

फुलपाखरांसाठी म्हणून घाणेरी लावणं हा मात्र आतबट्ट्याचा व्यवहार. मध मिळतो, पण ही परदेशी झुडपं पसरून गावठी झाडांची जागा खातात. त्यापेक्षा गटाराकडेची रुई राहू द्यावी. तिच्या पानांवर प्लेन टायगरच्या अळ्या पोसतात, फुलांवर काळे भुंगे येतात आणि शनिवारी मारुतीला माळही होते. शेंगा भाजायच्या पोपटीच्या मडक्यात घालायचा भांबुर्डाही तसाच, कुणी न लावता उगवणारा. साफसफाईच्या मोहिमेत पहिला कोयता या दोघांवरच पडतो.